सात ते नऊ

"भरून घ्या रे, बंद होतंय," असं म्हणत जयवंतकाका आमच्या दारावरून पुढे गेले, तेव्हा माझी मालिका ऐन रंगात आली होती. सुनेच्या हाती नुकताच पुरावा लागला होता आणि सासू जिना उतरत होती.

"काका, एवढं दोन मिनिटांचं राहिलंय," मी आतूनच म्हणाले.

"तुझी दोन मिनिटं मला माहीत आहेत. अजून वेळ आहे, तेवढ्यात उरकून घे," काका म्हणाले आणि किल्लीने गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर टक टक करत पुढच्या दारी गेले. तिसरा मजला झाला की दुसरा, मग पहिला, मग तळमजला. चाळीतली सगळी पोरंटोरं आणि माझ्यासारख्या पोरांच्या आयाही तेवढ्या वेळात हातातलं काम टाकून मोबाइलला चिकटत. कुणी सिनेमा उतरवून ठेवी, कुणी गाणी. सात वाजले की सासू जिन्यात अर्ध्यावर थिजायची आणि मग पडद्यावर एक गोल फिरत राहायचा.

फणसवाडीतली आमची चाळ जुनी आहे आणि तिच्या चारही बाजूंना आता उंच टॉवर उभे राहिले आहेत. ते झाले आणि आमच्या खोल्यांतून मोबाइलची रेंज नाहीशी झाली. फोन लावायचा तर खाली नाक्यावर जायचं. शेवटी उत्सव मंडळाने पुढाकार घेऊन सगळ्या चाळीसाठी मिळून एक नेट घेतलं आणि प्रत्येक मजल्याच्या गॅलरीत एक पांढरा डबा लागला. पहिला महिना आम्ही सगळे त्या डब्याखाली असे बसून होतो की नवीन जावई आला असता तरी त्याला पाणी मिळालं नसतं. मग मंडळाच्या बैठकीत दुसऱ्या मजल्यावरची सीमा उठली. तिची प्रिती दहावीला. ती म्हणाली, संध्याकाळी सात ते नऊ नेट बंद ठेवा, नाहीतर ह्या चाळीतलं एक पोर पास व्हायचं नाही. तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता बंद कोण करणार? वैभव कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, डबे त्यानेच लावले. तो म्हणाला, माणूस कशाला लागतो, मोबाइलवर तास आखून दिले की आपोआप बंद होतं, आपोआप चालू होतं. पण ते तास ज्याच्या मोबाइलवर आखायचे तो माणूस कोण, यावर गाडी अडली. वैभववर विश्वास नाही, कारण तो क्रिकेटचा वेडा. सेक्रेटरी हर्षवर्धनवर नाही, कारण त्याची बायको माझीच मालिका बघते. माझं नाव कुणी घेतलंच नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "परबकाकांना द्या." त्यावर कुणी काही बोललं नाही आणि आमच्या चाळीत कुणी काही न बोलणं ही फार मोठी गोष्ट आहे.

त्याचं कारण असं. जयवंतकाका परब आयुष्यभर पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातलं झाकण उचलायचं, माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी चावी आत घालायची आणि आटे फिरवून एका गल्लीचं पाणी सोडायचं, दुसरीचं बंद करायचं. आमच्या गल्लीचं पाणीही त्यांच्याच हातात होतं. आमच्या चाळीचे नळ जुने, पाणी वर चढत नसे. तळमजल्याच्या नळावरून बायका हंडे भरून वर नेत. काकांच्या बायको कमलकाकूही नेत, तिसऱ्या मजल्यापर्यंत, एक डोक्यावर आणि एक कमरेवर. काकांनी चावी थोडी उशिरा फिरवली असती तर काकूंच्या दोन खेपा सुखाच्या झाल्या असत्या. पण ठरल्या वेळेला पाणी गेलं म्हणजे गेलं. रिकामी कळशी घेऊन परतणाऱ्या काकू मी लहानपणी पाहिल्या आहेत. तोंडाने त्या काही बोलत नसत, पण कळशी अशी आपटत की आमच्या खोलीत भांडी वाजत.

तर अशा माणसाच्या हाती नेट गेलं. वैभवने त्यांच्या मोबाइलवर सगळं बसवून दिलं, चौकोन दाखवले, कुठला चौकोन दाबला की कुठला मजला बंद होतो ते शिकवलं. काकांनी नीट समजून घेतलं. मात्र आपोआप बंद व्हायला त्यांनी साफ नकार दिला.

"आपोआप बंद झालं तर लोकांनी शिव्या कुणाला घालायच्या?" ते म्हणाले. "मी हाताने करीन. आधी सांगून करीन. भरता भरता पाणी तोडणं वाईट."

"काका, पाणी नाहीये ते," वैभव म्हणाला.

"असू दे."

आणि नऊ वाजता उघडण्याची त्यांची तऱ्हा तर निराळीच. आधी तिसरा मजला उघडायचा. जरा वेळाने दुसरा. मग पहिला, तळमजला सगळ्यात शेवटी. कारण वरच्यांना प्रेशर कमी मिळतं, खालच्यांनी एकदम नळ सोडले तर वर थेंब यायचा नाही. वैभवने त्यांना पुष्कळ समजावलं की नेटला प्रेशर नसतं, वर काय आणि खाली काय, सारखंच.

"असं तू म्हणतोस," काका म्हणायचे आणि तिसरा मजला आधी उघडायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावरचे, त्यामुळे या वादात आम्ही काकांच्या बाजूचे होतो. खाली तळमजल्यावरची माणसं गॅलरीकडे तोंड करून, "काका, आमची पाळी कधी?" असं ओरडायची आणि काका मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन, "येतंय, येतंय," म्हणायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांचा चेहरा इतका तरतरीत आम्ही पाहिला नव्हता.

सगळं सुरळीत चाललं होतं. आमची भिंत परबांच्या भिंतीला लागून असल्यामुळे मध्येच कुठेतरी बिनसलं ते मला इतरांच्या आधी कळलं.

कमलकाकूंची थोरली बहीण बकुळाक्का मालवणकडे गावी असते. साखरेच्या आजाराने तिची नजर जात चालली आहे. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की आहे ती जपा, गेलेली परत यायची नाही. तेव्हापासून तिने एकच धोसरा लावला, की मला कमळीला रोज बघायचंय. तिच्या घरी फोन एकच, मुलाचा, विकासचा. विकास दिवसभर बाहेर. तो दिवेलागणीला घरी येतो, जेवतो आणि साडेआठच्या सुमाराला फोन घेऊन पुन्हा कामावर जातो. आणि आक्काची अडचण अशी की दिवसाच्या उजेडात तिला फोनवरचं काहीच कळत नाही. आजूबाजूला अंधार असला आणि फोन तेवढा उजळ असला, तरच तिला चेहरा दिसतो. म्हणजे दोघींच्या हातात वेळ होती ती नेमकी सात ते साडेआठ. तेवढीच, आणि तेव्हाच चाळीचं नेट बंद.

काकूंनी नवऱ्याला सांगितलं. मी भिंतीला कान लावला नव्हता, पण चाळीत तो लावावा लागत नाही.

"सातला येतो विकास," काकू म्हणाल्या.

काका म्हणाले, "नियम आहे कमल."

"मी कुठे काय म्हणतेय. मी सांगितलं नुसतं."

दुसऱ्या दिवसापासून काकू सात वाजता पदर खोचून खाली जायला लागल्या. गुडघे दुखतात त्यांचे. एक पायरी उतरायची, दोन्ही पाय त्या पायरीवर आणायचे, मग पुढची. खाली नाक्यावर वह्यापुस्तकांचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर बसायच्या आणि तिथून आक्काला फोन लावायच्या. मी एकदा भाजी घेऊन परतताना तिथे थांबले. मोटारसायकली अंगावरून जात होत्या, रस्त्यावरचा दिवा नेमका काकूंच्या पाठीमागे होता आणि फोनमधून आक्काचा आवाज येत होता.

"दिसणा नाय गो. सगळो काळोख. तुजा तोंड खंय आसा?"

काकू फोन इकडे फिरवत, तिकडे फिरवत. "आता? आता दिसता?"

"नाय गो."

मी माझ्या मोबाइलची बॅटरी लावून काकूंच्या तोंडावर धरली. त्यांचे डोळे दिपले आणि पाणी यायला लागलं. तेवढ्यात मोठा हॉर्न वाजला आणि आक्काचं बोलणं बुडालं. परत येताना काकू म्हणाल्या, "निदान आवाज तरी ऐकला." जिन्यात त्यांनी माझा हात धरला नाही, कठडाच धरला. वरून काका बघत होते. सातला सगळे मजले बंद करून ते गॅलरीत उभे राहत आणि काकू वर येईपर्यंत तिथून हलत नसत.

हे आठ-दहा दिवस असंच चाललं. वैभवच्या ते लक्षात आलं. मुलगा चांगला आहे, फक्त अक्कल वापरायच्या आधी तोंड वापरतो.

"काका, एक सोपं काम आहे," तो गॅलरीत हळूच म्हणाला. "काकूंचा एकटीचा फोन चालू ठेवता येतो. बाकी सगळी चाळ बंद. एक बटण आहे. कुणाला कळणार पण नाही."

"कळणार नाही?"

"अजिबात नाही. शप्पथ."

"मग नको," काका म्हणाले.

वैभव डोकं खाजवत निघून गेला. काकू दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं नाही, पण त्यांचा हात थांबला होता. मला त्या क्षणी काकांचा मनापासून राग आला. आक्काची नजर काही ह्यांच्या नियमासाठी थांबणार नव्हती. मी जेवताना नवऱ्याला म्हटलंसुद्धा की एवढं स्वच्छ असणं बायकोच्या जिवावर उठतं. नवरा म्हणाला, तू मध्ये पडू नकोस. तो नेहमी हेच म्हणतो.

रविवारी सकाळी तळमजल्यावर मंडळाच्या खोलीत महिन्याची बैठक होती. काकूंचे गुडघे फारच धरले होते, त्यामुळे त्या खाली आल्या नाहीत. वर गॅलरीत पाट टाकून वाल सोलत बसल्या. आमच्या चौकात खाली बोललेलं वर स्वच्छ ऐकू येतं. पाण्याची टाकी धुण्याचा विषय चालू होता. टाकी कुणी धुवायची यावर हर्षवर्धन आणि तळमजल्याचे सीतारामभाऊ यांचं जुनं भांडण आहे आणि ते दर बैठकीला नव्याने होतं. ते ऐन भरात असताना जयवंतकाका उठून उभे राहिले.

काका बैठकीत कधी बोलत नाहीत. ते उभे राहिले म्हणून सगळे आपोआप गप्प झाले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं होतं. एरवी ते कधी लावत नाहीत.

"मला एक विचारायचंय," ते म्हणाले आणि थांबले. "घरचं आहे. म्हणजे आमच्याच घरचं."

"बोला ना काका," हर्षवर्धन म्हणाला.

"आमच्या हिची बहीण आहे गावाला. तिला दिसायचं कमी होत चाललंय. तिचा फोन सात वाजताच लागतो, त्याच्या आधी नाही, नंतर नाही. आणि सातला मी बंद करतो." त्यांनी सीमाकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. "तर आमचा एक फोन तेवढा वेळ चालू राहिला तर चालेल का, असं विचारायचं होतं. नाही म्हणालात तरी माझं काही म्हणणं नाही. पोरांचा अभ्यास आहे. नियम तुम्ही केलाय, मी फक्त बंद करतो. म्हणून विचारल्याशिवाय करणार नाही."

एवढं बोलून ते उभेच राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आयुष्यभर ह्या माणसाने गल्लोगल्ली पाणी सोडलं, लोकांच्या शिव्या ऐकल्या, कधी आवाज चढवला नाही की उतरवला नाही. स्वतःसाठी चार वाक्यं बोलताना मात्र त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली होती. ते बघून माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

सीमा म्हणाली, "काकू म्हणून रोज सातला खाली उतरत होत्या?"

"हो."

"मला वाटलं चालायला जातात. गुडघ्यांसाठी." सीमाने ओठ चावला. "अहो काका, ह्यात विचारायचं काय? चालू ठेवा की."

"मग माझं पण ऑफिसचं..." असं वैभवच्या शेजारी कुणीतरी सुरू केलं, पण सीमाने तिकडे नुसतं बघितलं आणि ते वाक्य तिथेच राहिलं. माझ्याही ओठांवर मालिकेचा विषय आला होता. तो मी गिळला.

"कोणाची हरकत?" हर्षवर्धनने विचारलं. कुणाचीच नव्हती. "झालं तर मग. वैभव, ते बटण काय असेल ते काकांना दाखव. हां, सीतारामभाऊ, टाकीचं तुम्ही काय म्हणत होता?"

आणि टाकी पुन्हा सुरू झाली. काका अजून उभेच होते. त्यांनी मनात आणखी बरंच काही जुळवून आणलेलं असावं, लोकांनी हरकत घेतली तर द्यायची उत्तरं. ती कुणी मागितलीच नाहीत. थोड्या वेळाने ते खाली बसले आणि बैठक संपेपर्यंत टाकीकडे कान देऊन राहिले.

बैठक सुटल्यावर मी त्यांच्या मागोमागच वर आले. काकू वाल सोलत होत्या. सगळं ऐकलेलं असूनही त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

"कोण नको म्हणालं?"

"कोणी नाही. लगेच हो म्हणाले."

काकूंनी चार-पाच वाल सोलले. सालं एका बाजूला, डाळिंब्या ताटलीत. मग म्हणाल्या, "इतकं सोपं होतं होय."

काका कठड्याला टेकून उभे होते. काकू त्यांच्याकडे न बघता बोलत राहिल्या. "तेव्हा पाण्याचं पण असंच विचारलं असतंत साहेबांना. आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचत नाही, थोडा वेळ वाढवून मिळेल का. गल्लीतल्या लोकांना विचारलं असतंत. नाही म्हणाले असते तर नसतं दिलं."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, बाजारात भाव विचारावा तशा.

काकांनी कठड्यावरचा हात काढला, परत ठेवला. "चोरून द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं," ते म्हणाले. "मागता येतं, हे सुचलंच नाही कधी."

"हं."

"खरंच नाही सुचलं, कमल."

"कळलं मला," काकू म्हणाल्या. त्यांनी न सोललेले अर्धे वाल पुढे सरकवले. "बसा आता. उभं राहून काय व्हायचंय. सोलायला लागा, संध्याकाळी उसळ आहे."

काका मांडी घालून बसले. त्यांना वाल सोलता येत नाहीत, डाळिंबी फुटते. काकू फुटलेल्या डाळिंब्या निमूटपणे आपल्या ताटलीत घेत होत्या. मी आत जाऊन माझं काम बघितलं, कारण तिथे आणखी थांबणं मलाच बरं वाटेना.

संध्याकाळी काकांनी नेहमीसारखी फेरी काढली. टक टक करत, "भरून घ्या रे," म्हणत चारही मजले हिंडले. सातला माझी सासू पुन्हा जिन्यात थिजली. चाळ शांत झाली आणि दुसऱ्या मजल्यावरून प्रितीचं इतिहासाचं पाठांतर ऐकू यायला लागलं. मी दारात येऊन उभी राहिले. परबांचं दार उघडंच होतं.

काकू ट्यूबलाइटच्या बरोबर खाली खुर्चीत बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, ठेवणीतली हिरवी साडी. फोन लागला. पण काकूंचे हात कापतात आणि फोन त्यांच्या हातात ठरत नव्हता.

"हलता गो," आतून आक्का म्हणाली. "माका भोवळ येता."

काकांनी पुढे होऊन तो त्यांच्या हातातून घेतला आणि हात लांब करून काकूंच्या चेहऱ्यासमोर धरला. थोडं मागे, थोडं पुढे केलं.

"हां," आक्का म्हणाली. "आता ऱ्हवांदे तसोच. दिसलंस गो. कपाळ दिसला. टिकली केवढी बारीक लावतंस." मग आणखी निरखून म्हणाली, "आवशीसारखी दिसाक लागलंस."

आईचं नाव निघताच काकू हसल्या आणि त्याच वेळी त्यांनी डोळ्याला पदर लावला. "पदर काढ," आक्का म्हणाली, "तोंड बघूक दी माका." काकूंनी पदर काढला.

मग त्या बोलत बसल्या. कुणाचं लग्न ठरलं, वाडीतलं फणसाचं झाड यंदा कसं लागलंय, विकासला मुलगी बघायची की नाही. आक्का मध्येच सगळं सोडून, "जरा हस बघू," म्हणायची आणि काकू हसायच्या. काका फोन धरून उभे होते. काही वेळाने त्यांचं कोपर लटपटायला लागलं, तसा त्यांनी दुसरा हात कोपराखाली आधाराला लावला.

"जयवंतराव खंय आसत?" आक्काने विचारलं.

"हांगाच आसत," काकू म्हणाल्या. "फोन धरून उभे आसत."

"इतक्या वेळ?"

तेव्हा काकूंनी पहिल्यांदा नवऱ्याकडे बघितलं. ताणलेला हात, खाली लावलेला दुसरा हात, घट्ट मिटलेले ओठ. "हात भरून आला असेल तुमचा," त्या म्हणाल्या. "ठेवा. पिठाच्या डब्याला टेकवून ठेवू तो."

"नको. तू बोल."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. पुन्हा ठेवा म्हणतील असं मला वाटलं होतं, पण त्या तसं म्हणाल्या नाहीत. खुर्चीत जरा नीट टेकून बसल्या.

"वर धरा मग थोडा," त्या म्हणाल्या.

काकांनी फोन थोडा वर धरला.